95 नोंदींचा नकाशा: ब्रिटनमधल्या मोकळ्या वॉलब्यांचं प्रकरण

ब्रिटनच्या मुख्य भूमीवर मोकळ्या फिरणाऱ्या वॉलब्यांची नियमित गणना कुणी करत नाही. तरी त्या तिथे आहेत हे अनेकांना ठाऊक आहे, कारण त्या दिसतात. पहाटे कुत्र्याला फिरवायला निघालेल्या माणसाला शेताच्या कडेला दिसतात, रात्री गाडी चालवणाऱ्याला दिव्यांच्या झोतात दिसतात, कधी रस्त्यालगत मरून पडलेल्या सापडतात. 2013च्या ऑक्टोबरमध्ये तर उत्तर लंडनच्या हायगेट दफनभूमीत, कार्ल मार्क्सची कबर आहे त्याच आवारात, एक वॉलबी थडग्यांमध्ये फिरताना दिसली आणि तिची छायाचित्रं वर्तमानपत्रांत छापून आली.

अशा बातमीचं पुढे काय होतं? बहुतेक वेळा काहीच नाही. लोक नवल करतात, दोन दिवस बोलतात आणि विषय मागे पडतो. होली इंग्लिश आणि अँथनी कॅराव्हॅगी या संशोधकांनी हेच विखुरलेले धागे गोळा केले. 2008 ते 2018 या काळातल्या बातम्या आणि लोकांनी कळवलेल्या नोंदी एकत्र करून, तपासून, त्यांनी 2020 मध्ये ‘इकॉलॉजी अँड इव्हॉल्यूशन’ या शोधपत्रिकेत निष्कर्ष मांडले. खात्रीच्या म्हणता येतील अशा नोंदी निघाल्या 95. सामान्य माणसाने केलेल्या वन्यजीव-नोंदीचं बळ किती आणि ते कुठे संपतं, हे मला इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या उदाहरणात दिसलेलं नाही. म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात.

प्राणी कोणता, आणि तिथे आला कसा

इथली वॉलबी म्हणजे लाल मानेची वॉलबी. कांगारूच्याच कुळातली, पण आकाराने बरीच लहान. करडी-तपकिरी फर, खांद्यांवर आणि मानेवर तांबूस झाक, वरच्या ओठावर पांढरट पट्टा, नाकाचा भाग आणि पंजे काळसर. तिचं मूळ घर ऑस्ट्रेलियाचा पूर्व आणि आग्नेय भाग व टास्मानिया. टास्मानियातल्या उपजातीला बेनेट्स वॉलबी म्हणतात आणि ब्रिटनमध्ये पाळल्या गेल्या त्या बहुतेक याच. टास्मानियाच्या डोंगरांत बर्फ पडतं, तिथला थंड, ओला हिवाळा या प्राण्याच्या अंगवळणी पडलेला आहे. इंग्लंडचं हवामान त्याला परकं वाटावं असं फार काही नाही.

एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटनमधल्या जमीनदारांनी आपल्या वाड्यांच्या आवारात परदेशी प्राणी हौसेने ठेवले. पुढे प्राणिसंग्रहालयं आली. 1931 मध्ये लंडनच्या उत्तरेला, चिल्टर्न टेकड्यांच्या टोकाशी, व्हिप्स्नेडचं प्राणिसंग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. तिथे आजही वॉलब्या आवारात मोकळ्या बागडतात आणि येणाऱ्यांच्या पायवाटांवरही येतात.

आता कायद्याचं. ब्रिटनमध्ये वॉलबी पाळायला परवाना लागत नाही. त्यामुळे खाजगी मालकांकडे किती वॉलब्या आहेत याची एकत्र यादी मिळत नाही. दुसरीकडे 1981च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्याच्या नवव्या अनुसूचीत लाल मानेच्या वॉलबीचं नाव आहे. तिला मोकळं सोडणं किंवा मोकळं सुटू देणं हा गुन्हा ठरतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. पाळलेल्या प्राण्याची नोंद कुठेच नाही, आणि तो कुंपणाबाहेर गेला तर मालकाला ते स्वतःहून सांगण्यात तोटाच. म्हणजे पळालेल्या वॉलबीची पहिली खबर जवळजवळ नेहमीच एखाद्या अनोळखी वाटसरूकडून येणार. या प्रकरणात सामान्य लोकांच्या नोंदींना पर्याय नव्हता, याचं खरं कारण हे आहे.

रोचेसचा कळप: साठेक वर्षांची पाहणी

95 नोंदींकडे जाण्याआधी थोडं मागे जायला हवं. एक मोकळा कळप अगदी सुरुवातीपासून शेवटापर्यंत लोकांच्या डोळ्यांसमोर होता, आणि त्याची गोष्ट माहीत नसेल तर पुढच्या अभ्यासाचं मोल कळत नाही.

स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावाजवळ रोचेस नावाचे वालुकाश्माचे कडे आहेत. पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानाच्या नैऋत्य कडेचा हा उघडा, वाऱ्याचा, हेदरच्या झुडपांनी भरलेला माळ. तिथे हेन्री कोर्टनी ब्रॉकलहर्स्ट या लष्करी अधिकाऱ्याचं खाजगी प्राणिसंग्रह होतं. सुदानमध्ये वन्यप्राण्यांचे अधिकारी म्हणून काम केलेला हा माणूस. त्यांच्याकडच्या वॉलब्या व्हिप्स्नेडहून आलेल्या होत्या. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास त्यांतल्या पाच बाहेर पडल्या. एक याकही सुटला होता, आणि तोही पुढे कित्येक वर्षं त्या माळावर लोकांना दिसत राहिला. ब्रॉकलहर्स्ट 1942 मध्ये ब्रह्मदेशात मारले गेले. वॉलब्या मात्र रोचेसवर टिकल्या आणि वाढल्या.

1962-63चा हिवाळा ब्रिटनमध्ये विसाव्या शतकातल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एक. आठवडेच्या आठवडे बर्फ हटलं नाही. कळपाला मोठा फटका बसला. तरी तो सावरला, आणि 1970च्या दशकाच्या मध्यास तिथे पुन्हा साधारण पन्नास वॉलब्या असल्याचा अंदाज होता. त्यानंतर उतार लागला. कडक हिवाळे, रस्त्यावरच्या धडका, माळावर वाढलेली माणसांची आणि कुत्र्यांची ये-जा अशी कारणं सांगितली जातात. शतक संपेपर्यंत बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, आणि पुढे कळप संपल्याचं मानलं गेलं.

हे सगळं आपल्याला का माहीत आहे? मँचेस्टर विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डेरेक यल्डन यांनी हा कळप वर्षानुवर्षं पाहिला म्हणून. वॉलब्या काय खातात हे त्यांनी तपासलं. हेदर हा त्यांचा मुख्य आधार, हिवाळ्यात तर विशेषच. कळपाचा ऱ्हास आणि अंतही त्यांनीच लिहून ठेवला. एकाच ठिकाणी, एकाच माणसाने, एकाच पद्धतीने दीर्घकाळ केलेल्या पाहणीला जे वजन असतं ते इथे दिसतं. वाढ, घट आणि शेवट तिन्ही सांगता येतात.

कळप संपल्याचं मानल्यानंतरही रोचेसवर वॉलबी दिसल्याच्या बातम्या येत राहिल्या. गिर्यारोहक सांगत, फिरायला आलेले सांगत. त्यांतलं खरं किती? जुन्या कळपातलं कुणी उरलं होतं, की कुणाची पाळीव वॉलबी नव्याने सुटली होती, की धुक्यात ससा पाहून मनाने बाकीचं भरून काढलं होतं? पुराव्याविना आलेल्या बातमीपुढे हे तिन्ही प्रश्न तसेच राहतात. ज्या माळावर वॉलब्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे वॉलबी ‘दिसण्याची’ शक्यताही वाढते. डोळा अपेक्षेप्रमाणे पाहतो. नोंदी तपासणाऱ्याला हे कायम लक्षात ठेवावं लागतं.

95चा आकडा कसा आला

इंग्लिश आणि कॅराव्हॅगी यांच्यापुढचा प्रश्न यल्डन यांच्यापेक्षा वेगळा होता. यल्डन यांच्याकडे एक माळ होता. यांच्यापुढे अख्खं ब्रिटन होतं आणि कुठे पाहावं हेच माहीत नव्हतं. अशा वेळी सापळा-कॅमेरे लावायचे तर कुठे लावणार?

म्हणून त्यांनी आधीच कुणीतरी पाहून ठेवलेल्या गोष्टींचा माग घेतला. प्रसारमाध्यमांतल्या बातम्या, लोकांनी थेट कळवलेली माहिती, आणि ब्रिटनमधली स्थानिक जैविक नोंद केंद्रं हे त्यांचे स्रोत. या नोंद केंद्रांविषयी थोडं सांगायला हवं. ब्रिटनमध्ये निसर्गनोंदींची परंपरा जुनी आणि चिवट आहे. गावोगावचे पाद्री, शिक्षक, टपाल कर्मचारी, निवृत्त माणसं फुलांच्या, भुंग्यांच्या, पक्ष्यांच्या नोंदी ठेवत आली. 1964 मध्ये मंक्स वूड इथे राष्ट्रीय पातळीवरचं जैविक नोंद केंद्र उभं राहिलं. आज ‘आयरेकॉर्ड’सारख्या व्यवस्थेतून कुणीही नोंद टाकू शकतो आणि त्या-त्या गटाचे जाणकार ती तपासतात. ससे, वटवाघळं यांच्या बाबतीत ही व्यवस्था उत्तम चालते.

वॉलबीच्या बाबतीत मात्र ती थिटी पडली. खात्रीच्या नोंदींतला मोठा वाटा आला तो बातम्यांमधून. याचं कारण मला सरळ दिसतं. ज्याला निसर्गनोंदीची सवय आहे तो मुद्दाम पाहायला जातो, ठरलेल्या जागी, ठरलेल्या प्रजातींसाठी. वॉलबी मात्र ज्याला दिसते त्याच्या ध्यानीमनीही नसते. त्याला नोंद केंद्र माहीत नसतं. तो मित्राला सांगतो, चित्रफीत टाकतो, फार तर पोलिसांना किंवा स्थानिक वर्तमानपत्राला फोन करतो. वर्तमानपत्र ती छापतं, कारण शेतात वॉलबी ही बातमी आहे. अशा रीतीने जिल्ह्याचं छोटं वर्तमानपत्र नकळत वन्यजीवांचं दप्तर बनतं. संशोधकांनी ते दप्तर उघडलं, हा या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

वर्तमानपत्र हे दप्तर म्हणून वापरायचं तर त्याचे दोषही घ्यावे लागतात. बातमीत तारीख बहुधा छापल्याची असते, पाहिल्याची नसते. जागा ‘अमुक गावाजवळ’ एवढीच. एकच प्राणी आठवडाभर तीन गावांत दिसला तर तीन बातम्या होतात. आणि जिथे स्थानिक वर्तमानपत्र बंद पडलेलं आहे, तिथली वॉलबी कुणाच्याच दप्तरात येत नाही.

‘खात्रीची’ म्हणजे काय

कुणी म्हणालं, ‘मी वॉलबी पाहिली’, तर ते खोटं बोलत आहे असं कुणी धरत नाही. प्रश्न असतो तो त्याने नेमकं काय पाहिलं याचा. दक्षिण इंग्लंडमध्ये संध्याकाळच्या उजेडात फसवू शकतील असे प्राणी बरेच आहेत. मुंटजॅक हे पाठ वाकवून चालणारं बुटकं हरीण. चिनी जलहरीण, ज्याला शिंगं नसतात आणि कान मोठे गोल असतात. मागच्या पायांवर उभा राहून कानोसा घेणारा रानससा. गाडीच्या काचेतून दोन सेकंद दिसलेली करडी आकृती यांपैकी काहीही असू शकते.

म्हणून छायाचित्र, चित्रफीत, मृतदेह असा काही आधार असलेली नोंद वेगळी आणि नुसत्या सांगण्यावरची नोंद वेगळी धरावी लागते. अंधूक, हललेलं छायाचित्रही पुष्कळ सांगून जातं. लांब, जाड, जमिनीवर टेकलेली शेपटी दिसली की मुंटजॅक आणि ससा दोन्ही बाद. उडीची चित्रफीत असेल तर शंकेला जागाच उरत नाही, कारण मागचे दोन्ही पाय एकदम टाकून, पुढचे पाय छातीशी धरून जाणारा एवढ्या आकाराचा दुसरा प्राणी ब्रिटनच्या रानात नाही.

खात्री न झालेल्या नोंदी फेकून द्यायच्या का? माझं मत स्पष्ट आहे, फेकू नयेत. त्या बाजूला, पण नीट जपून ठेवाव्यात. एका खोऱ्यातून दोन वर्षांत पुराव्याविना पाच जणांनी वॉलबी कळवली, आणि सहाव्याने छायाचित्र आणलं, तर मागच्या पाच नोंदींना एकदम अर्थ येतो. आकड्यात त्या धरता येणार नाहीत, पण पुढे कुठे पाहायचं हे त्या सांगतात.

आणखी एक गोष्ट या अभ्यासाविषयी बोलताना सारखी निसटते. 95 नोंदी म्हणजे 95 वॉलब्या नव्हेत. एक प्राणी दोनदा नोंदला गेला असेल, आणि अनेक प्राणी एकदाही नोंदले गेले नसतील. नोंद सांगते की या दिवशी, या जागी, हा प्राणी होता. किती होते हे ती सांगत नाही, आणि नोंद नसलेल्या जागी प्राणी नव्हता असंही सांगत नाही. बातम्यांच्या मथळ्यांत हा फरक पुसला जातो, आणि मग पुढची दहा वर्षं तोच चुकीचा आकडा फिरत राहतो.

ऑगस्ट आणि चिल्टर्न

नकाशावर दोन गोष्टी उठून दिसल्या. नोंदी सर्वाधिक ऑगस्टमध्ये आणि दक्षिण इंग्लंडमध्ये. त्यातही चिल्टर्न टेकड्यांचा भाग ठळक.

ऑगस्टचं काय करायचं? वॉलब्या त्या महिन्यात जास्त हिंडतात असं चटकन वाटेल. पण त्याच महिन्यात शाळांना सुट्ट्या असतात, संध्याकाळ लांब असते, माणसं रानवाटांवर जास्त असतात. शिवाय संसद बंद असल्याने वर्तमानपत्रांना बातम्यांची चणचण असते आणि वॉलबीचं छायाचित्र सहज पान मिळवतं. म्हणजे ऑगस्टचा उंचवटा वॉलब्यांचा आहे की माणसांचा, हे केवळ नोंदी मोजून सुटणार नाही. पाहणाऱ्यांनी किती वेळ घालवला हे माहीत असल्याशिवाय महिन्यांची तुलना करताच येत नाही. ई-बर्डवर पक्षी नोंदवणाऱ्या मराठी वाचकांना हे लगेच उमगेल. तिथे किती मिनिटं पाहिलं, किती अंतर चाललो हे विचारतात ते याचसाठी. अवचित दिसलेल्या प्राण्याच्या नोंदीत ही सोय नसते, आणि ती उणीव नंतर कुठल्याही गणिताने पूर्ण भरून निघत नाही.

चिल्टर्नचं कोडं जास्त रंजक. तिथे बीच वृक्षांची दाट वनं आहेत, मध्ये शेतं आहेत, खाजगी जमिनी मोठ्या आहेत. लपायला आणि चरायला दोन्हींची सोय. व्हिप्स्नेड तिथेच आहे, पण सुटलेली प्रत्येक वॉलबी तिथूनच आली असेल असं म्हणायला आधार नाही, खाजगी मालकही त्या पट्ट्यात असू शकतात. आणि लंडनपासून तासाभराच्या अंतरावर असल्याने हातात कॅमेरा घेतलेली माणसंही तिथे भरपूर. पुन्हा तोच प्रश्न: प्राणी जास्त, की डोळे जास्त? मला वाटतं दोन्ही. पण कोणाचा वाटा किती हे सांगायचं तर आता लोकांच्या नोंदींनी दाखवलेल्या जागी जाऊन, ठरवून, कॅमेरे लावून पाहावं लागेल. लोकांच्या नोंदींनी ‘कुठे पाहावं’ हा सुरुवातीचा अडसर दूर केला. त्यापुढचं काम वेगळ्या पद्धतीचं आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अजून बाकी आहे. या वॉलब्या तिथे पिल्लं घालून वाढत आहेत का? सुटलेला एकटा प्राणी काही वर्षं जगेल आणि मरेल, त्याने निसर्गात फार फरक पडणार नाही. प्रजनन करणारा कळप ही निराळी बाब. याचं उत्तर नुसत्या ‘दिसली’ या नोंदीतून मिळत नाही, पण ‘पोटाच्या पिशवीत पिल्लू होतं’ या एका वाक्यातून बरंच मिळतं. टास्मानियात ही पिल्लं दक्षिणेकडच्या उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मतात. उत्तर गोलार्धात आणलेल्या वॉलब्यांचं हे चक्र सहा महिन्यांनी सरकतं, दिवसाच्या लांबीप्रमाणे जुळवून घेतं. जन्मलेलं पिल्लू घेवड्याच्या दाण्याएवढं असतं आणि पुढचे सुमारे नऊ महिने पिशवीत काढतं. म्हणजे ब्रिटनमध्ये वसंताच्या उत्तरार्धात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिशवीतून डोकं काढलेलं मोठं पिल्लू दिसण्याची शक्यता सर्वाधिक. मे-जूनमध्ये मिळालेलं पोट दिसणारं एक छायाचित्र ऑगस्टमधल्या दहा पाठमोऱ्या छायाचित्रांपेक्षा मोलाचं ठरू शकतं. पण लोकांना हे कुणी सांगितलंच नाही तर ते पोटाकडे पाहणार कसे? नागरिक-विज्ञानाच्या, म्हणजे सामान्य लोकांनी माहिती गोळा करण्याच्या, योजनांत नोंद कशी टाकायची हे शिकवतात, काय पाहायचं हे शिकवायला विसरतात. माझ्या मते हे दुसरं काम पहिल्यापेक्षा गरजेचं आहे.

एका-दोन वॉलब्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. मुंटजॅककडे पाहा. चीनमधलं हे हरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशायरमधल्या वोबर्नच्या आवारात आणलं गेलं, सुटलं, सोडलं गेलं, आणि आज दक्षिण इंग्लंडभर पसरलेलं आहे. वनातली कोवळी रोपं आणि रानफुलं ते खाऊन टाकतं, याची वनरक्षकांना रोज चिंता असते. सुरुवातीच्या दशकांत त्याच्या पसरण्याकडे नीट लक्ष देणारे फार थोडे होते. वॉलबीचंही तसंच होईल असं मी म्हणत नाही. रोचेसचा कळप तर संपलाच. पण कोणत्या वाटेने जाणार हे कळायचं असेल तर नोंद सुरुवातीलाच लागते.

शेजारच्या बेटावर

आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅनवर गोष्ट दुसऱ्या टोकाला गेली. तिथल्या करॅग्ज वन्यजीव उद्यानातून 1960 आणि 1970च्या दशकांत वॉलब्या निसटल्या आणि शेजारच्या बॅलॉ करॅग या पाणथळ, विलोच्या झाडीने भरलेल्या प्रदेशात रुजल्या. हा प्रदेश 2006 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. बेटावरच्या सगळ्यांना वॉलब्या माहीत होत्या, पर्यटक त्या पाहायला जात, आणि संख्या शंभर-दीडशेच्या घरात असेल असं धरून चालत. 2023 मध्ये उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा ड्रोन फिरवून मोजणी झाली तेव्हा 568 वॉलब्या मोजल्या गेल्या.

हा फरक लोकांच्या नजरेचा दोष नव्हे. विलोच्या दाट, चिखलाच्या झाडीत माणूस शिरतच नाही, कडेकडेने पाहतो, आणि कडेला जे दिसतं तेवढंच मोजतो. लोकांच्या नोंदींनी प्राणी आहे हे सांगितलं, किती आहेत हे सांगायला आकाशातून पाहावं लागलं. मुख्य भूमीवर ड्रोन फिरवून शोधणं परवडणार नाही, क्षेत्र प्रचंड आणि प्राणी तुरळक. तिथे वाटसरूच्या मोबाइलला तोड नाही.

मूळ देशात उलटी अडचण

ऑस्ट्रेलियात हाच प्राणी रोजचा आहे, आणि तिथे अडचण उलटी होते. 2010 मध्ये सुरू झालेला ‘अ‍ॅटलस ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया’ आणि आयनॅचरलिस्टचं ऑस्ट्रेलियन दालन यांवर कांगारू आणि वॉलबी यांच्या नोंदी कुणीही टाकू शकतो. पण घरामागच्या कुरणात रोज संध्याकाळी चरणारा करडा कांगारू नोंदवावा असं कुणाच्या मनात येत नाही. पर्यटक नोंदवतो, रहिवासी नोंदवत नाही. मग उपनगर वाढतं, रस्ता रुंद होतो, एका वर्षी संध्याकाळी कुरणात कुणी येत नाही, आणि ‘इथे पूर्वी खूप असायचे’ एवढंच उरतं. किती, कुठे, कोणत्या वर्षापर्यंत, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. आपल्याकडे गावातल्या चिमण्यांविषयी आपण असंच बोलतो. दुर्मीळ प्राण्याला बातमी मिळते, नेहमीच्या प्राण्याला नोंदही मिळत नाही. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माझी आग्रहाची विनंती आहे, रोजच्या फेरफटक्यातला कांगारू महिन्यातून एकदा तरी नोंदवा. एकाच जागेवरून, वर्षानुवर्षं.

गजोलडोबाचे कांगारू

भारतात हा विषय परका वाटेल, पण 2022च्या एप्रिलमध्ये पश्चिम बंगालमधल्या जलपाईगुडी जिल्ह्यात, गजोलडोबाजवळ, लोकांना रस्त्यालगत कांगारू दिसले. हाडं वर आलेले, दमलेले. लोकांनी काढलेल्या चित्रफिती देशभर पोहोचल्या. वनखात्याने त्या भागातून तीन कांगारू ताब्यात घेतले, जखमांवर उपचारांसाठी सिलिगुडीजवळच्या बंगाल सफारी उद्यानात नेले. एकाचा मृतदेहही सापडला. हे प्राणी तस्करीच्या वाटेवर टाकून दिलेले असावेत असा संशय होता.

इथे नोंदीचं काम ब्रिटनपेक्षा वेगळं होतं. नकाशा बनवायला वेळ नव्हता, जीव वाचवायचा होता. तरी गरज त्याच तीन गोष्टींची होती: नेमकी जागा, नेमकी वेळ, आणि ओळख पटवणारं चित्र. रस्त्यावरच्या माणसाने ते टिपलं म्हणून वनरक्षक पोहोचले. मात्र चित्रफीत हातोहात फिरू लागली की जागा आणि वेळ हरवते. तीच चित्रफीत आठवड्याने दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने येते. मूळ काढणाऱ्याने वनखात्याला थेट कळवणं आणि मूळ फाइल जपून ठेवणं याला म्हणूनच महत्त्व आहे.

पाहिलीत तर

चिल्टर्नच्या आसपास, स्लाव, हाय विकम, मिल्टन कीन्स या भागांत मराठी माणसं राहतात, शनिवार-रविवारी रानवाटांनी फिरतात. त्यांच्यापैकी कुणाला वॉलबी दिसली तर आधी थांबावं, पाठलाग करू नये, कुत्रा असेल तर साखळी आखडून धरावी. घाबरलेली वॉलबी रस्त्याकडे धावते आणि तिथे गाडीखाली जाते. लांबूनच, जमलं तर शेपटी आणि पोट दिसेल असं छायाचित्र घ्यावं. मोबाइलमधलं स्थान चालू असेल तर अक्षांश-रेखांश आपोआप मिळतात, नसेल तर जवळची पायवाट, फाटक, गाव लिहून ठेवावं. किती होत्या, पिशवीत पिल्लू होतं का, काय खात होत्या, एवढं घरी पोहोचण्याआधी टिपून घ्यावं, कारण रात्रीपर्यंत आठवण आपल्या मनाप्रमाणे आकार घेते. मग नोंद आयरेकॉर्डवर किंवा जिल्ह्याच्या नोंद केंद्राकडे द्यावी. वॉलबी मेलेली असली तरी द्यावी. रस्त्यावरचा मृतदेह ही सर्वांत निर्विवाद नोंद असते, आणि नेमकी तीच लोक कळवत नाहीत.

एक काळजी मात्र घ्यावी. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. पाहायला गर्दी होते, कुत्री येतात, आणि क्वचित कुणी पकडायलाही येतं. नोंद केंद्राला नेमकी जागा द्यावी, बाकीच्यांना तालुका सांगितला तरी पुरे.

दक्षिण इंग्लंडमध्ये प्रजनन करणारा कळप आहे का, हा प्रश्न 2020च्या त्या लेखानंतरही नोंदींची वाट पाहत उभा आहे. त्याला लागणारा पुरावा कदाचित कुणाच्या तरी मोबाइलमध्ये, चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या सहलीच्या छायाचित्रांत पडून असेल. तशी जुनी छायाचित्रंही नोंद केंद्रं स्वीकारतात, तारीख आणि जागा सांगता आली म्हणजे झालं.